त्यांच्या फोटोखाली नाव, आमच्या फोटोखाली जात

१९१० साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, नॉर्थ पाऊनल नावाच्या छोट्या गावातल्या सूतगिरणीत एका मुलीचा फोटो काढला गेला. पाय अनवाणी, अंगात तेलाचे डाग पडलेला झगा, एक हात सूतकताईच्या साच्यावर टेकलेला आणि नजर थेट कॅमेऱ्यात. फोटो काढणारा लुईस हाइन. हा फोटो पुढे पुस्तकांत, प्रदर्शनांत सगळीकडे छापला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या पोस्ट खात्याने विसाव्या शतकावर तिकिटांची मालिका काढली, तेव्हा बालमजुरीविरोधी सुधारणांची आठवण म्हणून ३२ सेंटच्या तिकिटावर हीच मुलगी आली.

तिकिटावर आली खरी, पण ही पोरगी कोण, तिचं पुढे काय झालं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं नाव अ‍ॅडी लेअर्ड असं सांगितलं जात होतं आणि ते नावच चुकीचं होतं.

तिचा शोध कसा लागला ही गोष्ट आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावी म्हणून हा लेख. गोष्ट अमेरिकेची आहे, पण ती वाचताना मला सारखा आपला गाव, आपली शाळा आणि जात पडताळणीची फाइल आठवत होती. ते का, ते पुढे येईलच.

आधी हाइनबद्दल. हा माणूस मूळचा शिक्षक. न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिकवायचा. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय बालमजुरी समिती स्थापन झाली होती. १९०८ पासून त्याने नोकरी सोडून या समितीसाठी पूर्णवेळ फोटो काढायला सुरुवात केली. गिरणीमालक त्याला आत घेणार नाहीत हे उघड होतं. मग कधी तो आगीचा बंदोबस्त तपासणारा अधिकारी व्हायचा, कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला. आत शिरल्यावर फोटो काढायचा आणि मुलांशी बोलता बोलता खिशातल्या खिशात टिपणं करायचा. आपल्या जाकिटाच्या प्रत्येक बटणाची जमिनीपासूनची उंची त्याने मोजून ठेवली होती. पोरगं शेजारी उभं राहिलं की ते कितव्या बटणाला लागतं यावरून त्याची उंची कळायची. वय मालक खोटं सांगेल, मुकादम खोटं सांगेल, भीतीने पोरगंही खोटं सांगेल, पण बटण खोटं सांगणार नाही.

त्याने असे पाच हजारांवर फोटो काढले. ते आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. कित्येकांच्या खाली मुलाचं नाव, वय, गिरणी, गाव, काम काय, मजुरी किती, याची नोंद आहे. नॉर्थ पाऊनलच्या मुलीच्या फोटोखाली त्याने लिहिलं की गिरणीतल्या इतर मुली हिला दहा वर्षांची म्हणतात, तिने स्वतः मात्र बारा सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट लिहिली: ती शाळेच्या सुट्टीत कामाला लागली होती आणि आता इथेच राहणार आहे.

हे सुट्टीचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

पुढे एलिझाबेथ विन्थ्रॉप या लेखिकेने हा फोटो एका संग्रहालयात पाहिला आणि त्यावरून मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. कादंबरी लिहून झाली तरी खरी मुलगी डोक्यातून जाईना. तिने जनगणनेची जुनी पानं चाळायला घेतली. लेअर्ड नावाची अ‍ॅडी सापडली नाही. सापडली ती अ‍ॅडी कार्ड, आजीच्या घरी राहणारी. हाइनच्या मूळ नोंदीतही कार्डच होतं. नक्कल करताना कुणीतरी नाव बिघडवलं आणि ते बिघडलेलं नाव दशकानुदशकं पुढे चालत राहिलं. मग विन्थ्रॉपने जो मॅनिंग नावाच्या एका अभ्यासकाला हे काम दिलं. मॅनिंगने जन्म, विवाह, मृत्यूच्या नोंदी, शहरांच्या जुन्या निर्देशिका, वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता हे सगळं धुंडाळलं आणि माणसांना फोन केले. काही दिवसांत अ‍ॅडीचे वारस सापडले.

तिची आई ती दोन वर्षांची असताना गेली होती. आजीने वाढवलं. शाळा लहानपणीच सुटली आणि गिरणी सुरू झाली. मोठी झाल्यावर लग्न झालं, मोडलं, मुलीचा ताबा गेला. दुसरं लग्न केलं, न्यूयॉर्क राज्यातल्या कोहोज या गिरण्यांच्याच गावात आयुष्य काढलं. अ‍ॅडी हे नाव तिने टाकून दिलं होतं, म्हातारपणी ती नातवंडांची 'पॅट आजी' होती. हातात पैसा कधी नव्हता. १९९३ मध्ये ती वारली. म्हणजे पोस्टाचं तिकीट निघालं त्याच्या पाच वर्षं आधी. आपला चेहरा देशभर पोचलाय हे तिला कधीच कळलं नाही. तिकीट काढणाऱ्यांनाही तिला शोधावंसं वाटलं नव्हतं. त्यांना चेहरा हवा होता, तो मिळाला होता.

मॅनिंग तिथे थांबला नाही. पुढच्या वर्षांत त्याने हाइनच्या फोटोंतल्या साडेतीनशेहून जास्त मुलांची आयुष्यं शोधून काढली. बऱ्याच घरांना फोन येईपर्यंत असा काही फोटो आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या मते यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की ही मुलं फोटोतल्या त्या एका क्षणात गोठून राहिलेली नव्हती. त्यांची लग्नं झाली, त्यांनी घरं बांधली, काही हरले, काही हसत हसत म्हातारे झाले. फोटो बघणारा त्यांना फक्त बिचारं म्हणून बघतो. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. आपल्या माणसाचा फोटो छापला जातो तो फक्त दुःखाच्या दिवशी.

एका पोराची गोष्ट मात्र फोटोमुळे नव्हे, खटल्यामुळे कळली. १९१६ मध्ये अमेरिकेत बालमजुरीने बनवलेल्या मालाला आंतरराज्य व्यापारात बंदी घालणारा कायदा झाला. नॉर्थ कॅरोलिनातल्या गिरणीत काम करणाऱ्या डॅगनहार्ट नावाच्या माणसाने कोर्टात धाव घेतली, की हा कायदा माझ्या मुलांचा काम करण्याचा हक्क हिरावून घेतो. माणूस गरीब गिरणी कामगार, खर्च मात्र गिरणीमालकांच्या गोटातून. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. पुढे काही वर्षांनी एका पत्रकाराने त्यातल्या रूबेन या मुलाला गाठून विचारलं, खटला जिंकून तुला काय मिळालं? त्याने सांगितलं, वकिलांनी गाडीतून फिरवून आणलं आणि एक कोका-कोला पाजला. तोपर्यंत त्याची शाळेची वर्षं गेली होती आणि अंगाने तो पोरसवदाच राहिला होता. कोर्टात 'पालकांचा हक्क' हा शब्द कोण वापरतं आणि कुणासाठी, हे त्या कोका-कोलावरून कळतं.

आता बाबासाहेबांकडे येऊ. हाइन हे फोटो काढत होता त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. बालमजुरी समितीचे अध्यक्ष फेलिक्स अ‍ॅडलर हे कोलंबियात प्राध्यापक होते आणि समितीचे पहिले सचिव सॅम्युएल लिंडसेही तिथेच सामाजिक कायद्यांचा विषय शिकवत होते. यावरून 'बाबासाहेबांनी हाइनचे फोटो पाहिले' असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नये. मुद्दा एवढाच की गिरणीतलं पोर हा त्या शहरात, त्या विद्यापीठात त्या वर्षांत जोरात चाललेल्या वादाचा विषय होता.

आणि गिरणीतलं पोर म्हणजे काय हे बाबासाहेबांना कुणी फोटो दाखवून सांगायची गरज नव्हती. साताऱ्यात असताना त्यांनी ऐकलं होतं की तिथल्या मुलांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळतं. मुंबईला पळून जायचं, गिरणीत लागायचं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं त्या पोराने ठरवलं. भाड्याला पैसे नव्हते. आत्या मीराबाई कमरेला पैशांची पिशवी बांधून झोपायच्या, ती रात्री काढून घ्यायचा बेत होता. काही रात्री फुकट गेल्या. शेवटी पिशवी हाती लागली, त्यात निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई येत नाही. शरमलेल्या भीमरावाने मग ठरवलं की अभ्यासच करायचा. हा प्रसंग आपण व्याख्यानांत 'जिद्द' म्हणून सांगतो. मला तो सांगताना नेहमी धास्ती वाटते. त्या पिशवीत दोन रुपये असते तर? मुंबईच्या एखाद्या गिरणीत एक अर्धवेळ पोरगा वाढला असता, बस. त्या वर्षी साताऱ्याहून खरोखर गेलेल्या पोरांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

ते का माहीत नाही? कारण आपल्या माणसांकडे कॅमेरा वळला तेव्हा तो नाव विचारायला वळलाच नव्हता. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ जाडजूड खंड छापले. हिंदुस्थानातल्या माणसांचे शेकडो फोटो. त्याची मांडणी जाती-जमातींची. माणूस उभा आहे, खाली त्याच्या समूहाचं नाव आहे आणि तो समूह कसा स्वभावाचा, कितपत भरवशाचा, राज्याशी एकनिष्ठ की नाही, याचं वर्णन आहे. १८७७ च्या सुमारास मद्रास भागात भीषण दुष्काळ पडला. हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसं रांगेत बसवून फोटो काढले. त्यात लहान मुलं आहेत. नाव एकाचंही नाही. हाइनचा कॅमेरा आणि हा कॅमेरा यंत्र म्हणून सारखेच. फरक टिपणवहीत आहे. एकाने पोराला विचारलं, तुझं नाव काय? दुसऱ्याला जात कळली की काम संपलं होतं.

इथल्या गिरण्यांत मुलं नव्हती असं नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा सांगत होता की सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवू नये आणि बारापर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून जास्त राबवू नये. म्हणजे सात वर्षांच्या पोराने नऊ तास काम करणं कायदेशीर होतं, आणि ही सुधारणा होती! दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकारचा आकडा सात, जोतीरावांचा बारा. कारखान्याच्या कायद्यात किमान वय १८९१ साली नऊ झालं आणि बारा व्हायला १९२२ साल उजाडलं. चाळीस वर्षं. या चाळीस वर्षांत साच्यावरच्या भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावणाऱ्या किती मुलांची वयं डॉक्टरच्या दाखल्यावर वाढवली गेली असतील! एकच पोर दोन दाखले काढून एकाच दिवशी दोन गिरण्यांत अर्धा-अर्धा दिवस राबतं, हा प्रकार इतका झाला की कायद्याने तो वेगळा रोखावा लागला.

इथे एक गोष्ट आपल्या काही डाव्या मित्रांना ऐकवायला हवी, कारण ते गिरणीतल्या मुलाला फक्त 'कामगाराचं मूल' म्हणून थांबतात. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर हातात कसा घेणार? म्हणून जास्त मजुरीचं ते खातं बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. तेव्हा रिंग खात्यात कांड्या बदलणारा महाराचा पोरगा आणि शेजारी तेच काम करणारा मराठ्याचा पोरगा एकाच वयाचे, एकाच मजुरीचे असले तरी त्यांच्या पुढचा रस्ता एक नव्हता. एकाला मोठेपणी मागावर जाता येणार होतं. दुसऱ्याच्या तोंडातल्या थुंकीने तो रस्ता आधीच बंद केला होता.

आणि हाइनच्या अमेरिकेतही हेच पाहा. दक्षिणेतल्या कापडगिरण्यांचे त्याचे फोटो बघितले तर मुलं बहुतेक गोरी दिसतात. काळ्यांची मुलं मजूर नव्हती म्हणून नव्हे, तर काळ्यांना त्या गिरण्यांत साच्यावरचं काम मिळतच नव्हतं म्हणून. साउथ कॅरोलिनाने तर १९१५ मध्ये कायदाच केला की कापडगिरणीत काळ्या आणि गोऱ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. दक्षिणेतल्या काही बालमजुरीविरोधी सुधारकांचा युक्तिवादही असा होता, की काळ्यांची मुलं शाळेत चालली आहेत आणि आमची गोरी मुलं गिरणीत खुरटतायत, हे कसं चालेल? काळी मुलं कापसाच्या शेतात होती. १९३८ मध्ये अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी निर्बंध आले, तेव्हा शेतीला मोकळीक राहिली. मी हाइनला कमी लेखत नाही. तो फोटो काढून मोकळा झाला नाही, हरत हरत लढला, आणि १९४० मध्ये कंगाल अवस्थेत मेला. पण ज्या जागी माणसाला शिरूच दिलं जात नाही, तिथल्या फोटोत तो दिसत नाही. फोटोत न दिसलेला माणूस पुढे कायद्यातही दिसत नाही.

मॅनिंगसारखं काम आपल्याला करता येईल का? त्याचा मुख्य आधार जनगणनेची घरनिहाय पानं. अमेरिकेत ती ७२ वर्षांनी सगळ्यांना खुली होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघराची नोंद कुणालाच बघता येत नाही. तो दरवाजा बंद.

पण दुसरा एक दरवाजा आपल्यासाठी उघडा आहे आणि आपण तो रोज वापरतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक अनुसूचित जातीच्या घरात कुणी ना कुणी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधत फिरलेलं आहे. भटक्या-विमुक्तांच्या घरी तारीख वेगळी, शोध तोच. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद, जन्म-मृत्यूचा उतारा. आपण सगळेच जो मॅनिंग आहोत. फरक इतकाच की आपण ते रजिस्टर उघडतो, जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो, नक्कल घेतो आणि घरी येतो. तिथेही आपण जातच शोधतो, नाव नाही. दोष आपला नाही. व्यवस्थेने आपल्याला तेवढंच शोधायला पाठवलेलं असतं.

पुतण्याच्या पडताळणीसाठी मी गावच्या शाळेत गेलो होतो तेव्हा जनरल रजिस्टरचं ते पान माझ्यासमोर होतं. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना: शाळा सोडण्याचे कारण. मला हवा असलेला जातीचा पुरावा मिळाला होता, पण माझी नजर त्या शेवटच्या रकान्यावर अडकली. आपल्या वाड्यातल्या मुलांपुढे एकामागून एक तेच लिहिलेलं. 'सतत गैरहजर'. 'सतत गैरहजर'. 'परगावी गेला'. त्यात माझी आत्याही होती. दुसरीतून नाव कमी.

घरी येऊन आत्याला विचारलं. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी ऐकू येतं. म्हटलं, आत्या, तू शाळेत सतत गैरहजर होतीस असं लिहिलंय. ती म्हणाली, "पाटलाच्या रानात शेंगा तोडायला रोज हजर हुते की. तितली हजेरी न्हाई का लिवली?"

मग तासभर तिने सांगितलं. मजुरी म्हणून शेंगाच मिळायच्या, पायलीमागे ओंजळ. धाकट्याला कडेवर घेऊन जायची. शाळेत मन रमायचं नाही असं नव्हतं, पण बसायला दाराजवळ, पोत्यावर. तिच्या बरोबरच्या चार मुलींची नावं तिने घेतली. चारही नावं रजिस्टरमध्ये आहेत, चारहीपुढे 'सतत गैरहजर'. म्हणजे तो रकाना कोरा नाही. त्यात आपल्याकडच्या बालमजुरीची नोंद आहे, फक्त मजूर हा शब्द वापरलेला नाही. मूल गैरहजर आहे एवढं शाळेने लिहिलं. ते कुठे हजर आहे हे कुणीच लिहिलं नाही.

आता ते सुट्टीचं वाक्य. २०१६ मध्ये आपल्या बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी आली, हे चांगलं झालं. पण सोबत एक फट ठेवली: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाच्या उद्योगात मदत करू शकतं, तो धोकादायक नसला म्हणजे झालं. पालकांचा हक्क, परंपरागत कौशल्य, संस्कार, अशी गोड भाषा तेव्हा खूप ऐकली. कुटुंबाचा उद्योग म्हणजे काय? या देशात कुटुंबाचा उद्योग कुणी ठरवला? बाबासाहेबांनी जातिसंहाराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. दुकानदाराचा मुलगा सुट्टीत गल्ल्यावर बसतो आणि चर्मकाराचा मुलगा सुट्टीत रापीला बसतो, बांबू चिरणाऱ्याचा बांबू चिरतो. कायद्याच्या लेखी दोन्ही 'मदत'. शिवाय उचल घेतलेल्या ऊसतोड जोडप्याचं पोर फडात मोळ्या बांधू लागतं तेव्हा ते कुटुंबालाच मदत करत असतं, आणि हंगाम तर शाळेच्या वर्षाच्या ऐन मध्यात. संविधानाच्या २४ व्या कलमाने आणि मूळच्या ४५ व्या कलमाने चौदा हा आकडा घातला, तो मुलाने त्या वयापर्यंत घरच्या धंद्यापासून मोकळं असावं म्हणूनही होता.

अ‍ॅडी सुट्टीतच गेली होती. परत शाळेत गेली नाही. शंभर वर्षांपूर्वीची ती एका ओळीची नोंद २०१६ ची दुरुस्ती करणाऱ्यांनी वाचायला हवी होती.

आमच्या गटातले चौघेजण पुढच्या महिन्यात त्या शाळेत जाणार आहोत. मुख्याध्यापक बाई तयार आहेत. अट एकच, रजिस्टर बाहेर न्यायचं नाही, तिथे बसूनच उतरवायचं. पानं ठिसूळ झाली आहेत, मोडीतल्या काही नोंदी वाचायला एक निवृत्त तलाठी येणार आहेत. नाव, सोडल्याची तारीख, कारण, एवढंच उतरवायचं आणि मग त्यातली जी माणसं किंवा त्यांची मुलं हयात आहेत त्यांच्या घरी जायचं. प्रत्येक घरी पहिला प्रश्न ठरवलाय: शाळेत नव्हता तेव्हा कुठे होता? आत्या म्हणते मी पण येते, त्या पोरींची घरं मला ठाऊक हायती. तिच्यासाठी रिक्षा सांगावी लागेल.